भाकरी करणाऱ्याचं पान कधी वाढायचं?

"ताई, नमस्कार. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. सौ.चं माहेर करमाळ्याचं, त्यामुळे ३६ वर्षं आमच्या घरी रात्री ज्वारीची भाकरी. गेल्या दिवाळीपासून तिच्या बोटांच्या सांध्यांना सूज आहे. भाकरी थापायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. पोळीवाल्या बाई भाकऱ्या करत नाहीत. मुलगा म्हणतो विकत आणा, पण विकतची तिला घशाखाली उतरत नाही. म्हणून मीच शिकायला घेतली. दुकानातून पिठाचं पाकीट आणलं, पोळीच्या कणकेसारखं गार पाण्यात सगळं एकदम मळून अर्धा तास झाकून ठेवलं, नॉनस्टिक तव्यावर भाजली. थापतानाच कडा फाटतात, उचलताना तुकडे होतात, फुगायचं तर नावच नाही. हिला प्रमाण विचारलं की 'अंदाजानं' म्हणते. तिसरी भाकरी मोडली की उठून बाहेर जाते. आणखी एक अडचण. मी गरम वाढायला गेलो तर ती माझ्याशिवाय घास घेत नाही, आणि दोघं बसेपर्यंत सगळं गार. तिनं इतकी वर्षं कसं जमवलं, कळत नाही. पिठात मीठ घालायचं का, तेही सांगा. – एक वाचक, पुणे"

दादा, नमस्कार. वहिनींनी ३६ वर्षं कसं जमवलं त्याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते देणारही आहे. पण आधी पिठाचं बोलू, कारण तुमची निम्मी भाकरी तिथेच मोडलेली आहे.

पाकिटावरची दळल्याची तारीख पाहिलीत का? नसेल तर आत्ता बघा. ज्वारीचं पीठ महिना-दोन महिने पडून राहिलं की दिसायला तसंच दिसतं, वासही फारसा येत नाही, पण त्याची विरी गेलेली असते. विरी हा शब्द वहिनींच्या तोंडून तुम्ही ऐकला असेल. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, कणाकणानं एकमेकाला धरून राहायची ताकद. ती आहे की गेली हे बघायची सोपी रीत आहे. चमचाभर पीठ पाण्यात कालवा, चिमटीत दाबा आणि बोटं हळूच उघडा. ताजं पीठ दोन्ही बोटांना धरून ठेवतं. विरी गेलेलं ओल्या वाळूसारखं सुटतं. तसल्या पिठाची भाकरी माझ्या आईलाही थापता आली नसती. तेव्हा मोडलेल्या तुकड्यांचा सगळा दोष स्वतःच्या हाताला देऊ नका. ते पाकीट थालीपिठाच्या भाजणीत नाहीतर धिरड्यात घालून संपवा.

ज्वारी आणा आणि दळून घ्या. भुसार दुकानात नुसतं 'ज्वारी द्या' म्हणू नका, शाळू मागा, त्यातलं मालदांडी हे वाण आहे का विचारा. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. पावसाळा सरता सरता पेरतात, जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर वाढते, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. कणीस भरताना पाऊस नसतो, म्हणून दाणा पांढरा, टपोरा, मोत्यासारखा चकाकता राहतो. खरिपाच्या ज्वारीचं कणीस पावसात सापडलं तर दाणा काळपट होतो, आणि त्या भाकरीला गोडी नसते. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही. करमाळाही त्याच सोलापूर जिल्ह्यातलं. वहिनींच्या जिभेला शाळूचीच सवय असणार, आणि विकतची भाकरी त्यांना का उतरत नाही याचं एक कारण मला तिथेच दिसतं.

दळण एका वेळी दोन किलोच न्या. दोघांच्या चार भाकऱ्यांना रोज तीनशे-सव्वातीनशे ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे दोन किलो आठवड्यात संपतं आणि पीठ कायम ताजं राहतं. गिरणीवाल्याला सांगा, बारीक दळ आणि ज्वारीवरच दळ. आधीच्या गिऱ्हाइकाचं डाळीचं किंवा गव्हाचं दळण झालं असेल तर थोडं थांबा. घरी आल्यावर पीठ गरम असतं. डब्यात भरून लगेच झाकण लावू नका, वाफ धरते. परातीत पसरून गार होऊ द्या.

आता पाणी. तुम्ही पोळीची रीत भाकरीला लावलीत, तिथे दुसरी गफलत झाली. गव्हात ग्लुटेन असतं. कणीक मळून झाकून ठेवली की ती मुरते आणि ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ग्लुटेन अजिबात नाही. ज्वारीचं पीठ धरून राहतं ते त्यातल्या पिष्टाला, म्हणजे स्टार्चला, गरम पाणी लागल्यावर येणाऱ्या चिकटपणामुळे आणि मळण्यामुळे. गार पाण्यात कालवून अर्धा तास ठेवलंत तर त्याला काहीच मिळत नाही, उलट ते सैल पडतं आणि थापताना चिरतं. मुरलेल्या हाताच्या बायका ताज्या पिठात कोमट पाणी घालूनही सुरेख भाकरी करतात. नवशिक्यानं मात्र उकळतं पाणीच घ्यावं.

तुम्हाला 'अंदाजानं' पुरत नाही, साहजिक आहे. आयुष्यभर मोजमापात काम केलेला माणूस प्रमाण मागणारच. घ्या तर. एका मध्यम भाकरीला ८० ग्रॅम पीठ. चार भाकऱ्यांना ३२० ग्रॅम पीठ आणि २७० ते २८० मिलिलिटर पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली की ते परातीतल्या पिठावर गोल फिरवत ओता, उलथण्याच्या दांड्यानं कालवा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. हात लावू नका, चांगलंच भाजतं. पिष्ट फुलायला साधारण ७० अंशांच्या पुढची उष्णता लागते, ती त्या पाच मिनिटांत मिळते. पीठ जुनं-नवं असेल, दळण जाडं-बारीक असेल तसं पाणी चमचाभर इकडेतिकडे होणार. वहिनी अंदाज म्हणतात तो या चमचाभराचा.

मळणं मात्र एकेका भाकरीचं. चौथाई पीठ पुढ्यात ओढा, बाकीच्यावर ओलं फडकं टाका. हात पाण्यात बुडवून तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं पीठ पुढे रगडा, गोळा करा, पुन्हा रगडा. दोन-तीन मिनिटं. आधी ते खडबडीत असतं, तुटक असतं. मग एका क्षणी हाताखाली मऊ पडतं, परातीला चिकटायचं थांबतं, लोण्यासारखं सरकायला लागतं. तो क्षण लिहून कळत नाही, हातालाच कळतो. खात्री करायची तर उंडा करून दोन तळव्यांत थोडा दाबा. कडेला भेगा पडल्या तर आणखी पाण्याचा हात लावा आणि आणखी मळा. कड गुळगुळीत राहिली तर थापायला घ्या. माझ्याकडे शिकायला आलेल्या बहुतेकांची भाकरी इथे बिघडते. थापताना चिरा पडल्या म्हणून हळहळतात, पण मळायला अर्धं मिनिटच दिलेलं असतं.

थापताना परातीत कोरडं पीठ भुरभुरा आणि उंडा त्यावर ठेवा. उजव्या हाताच्या बोटांनी थापा, पूर्ण पंज्यानं नको, आणि डाव्या हाताची कड भाकरीच्या कडेला नुसती टेकवून ठेवा, कुंपणासारखी. थाप मधून कडेकडे. थाप बरोबर पडली की भाकरी आपोआप फिरते, तुम्ही फिरवायची नसते. ती फिरायची थांबली म्हणजे खाली चिकटली. कड हळूच उचलून चिमूटभर पीठ सारा. पहिल्या आठवड्यात वितीएवढीच करा, आणि पातळ करायच्या नादाला लागू नका. उचलताना मोडत असेल तर परातीऐवजी ओल्या सुती फडक्यावर थापा आणि फडक्यासकट तव्यावर उलटी करून फडकं सोडवून घ्या. यात कमीपणा वाटून घेऊ नका, अगदी लाटून केली तरी चालेल. भाकरी पानात पडल्याशी मतलब.

नॉनस्टिक तवा पोळ्या-डोशांना राहू द्या. कोरड्या मोठ्या आचेवर तो तापवायचा नसतो, आणि भाकरीला नेमकी तीच आच लागते. जाड लोखंडी तवा काढा, घरात कुठेतरी असेलच. पाण्याचा शिंतोडा टाकल्यावर थेंब नाचायला लागले की तवा तापला. भाकरी पिठाची बाजू वर करून टाका आणि ताबडतोब, खरंच ताबडतोब, वरून ओल्या हातानं सगळीकडे पाणी फिरवा, कडेपर्यंत. त्यानं वरचं कोरडं पीठ बसतं आणि भाकरी तडकत नाही. पाणी पुरतं वाळायच्या आत, वरची चमक जाऊन ओल मात्र आहे तोवर, उलटा. वाळल्यावर उलटलीत तर भेग पडलीच म्हणून समजा. दुसरी बाजू तांबूस ठिपके येईतो भाजू द्या, मग तवा बाजूला करून पहिली, पाणी न लावलेली बाजू सरळ आचेवर धरा. आत कोंडलेली वाफ पापुद्रा उचलते आणि भाकरी टम्म फुगते. जिथून फुगत नाही तिथे कुठेतरी बारीक चीर आहे, वाफ तिकडून निसटते. त्या जागेवर फडक्याच्या बोळ्यानं दाबून धरा, बाकीची फुगेल. आणि नाही फुगली तरी नीट भाजलेली भाकरी चवीला कुठे कमी पडत नाही.

आता वाढण्याचं. त्यासाठीच मला हे पत्र निवडावंसं वाटलं.

आमच्या घरी आम्ही नऊ माणसं. आई संध्याकाळी बांगड्या कोपराकडे सारून परातीपाशी बसायची आणि थपथप सुरू व्हायची. आजोबा आणि काका पहिल्या पंगतीला, मग आम्ही मुलं. तव्यावरची भाकरी थेट पानात. धाकट्यांसाठी ती मधेच एखादी चानकी थापायची, तळहाताएवढी, आणि ती कुणाला मिळणार यावर आमची भांडणं. सगळ्यांचं होईतो चूल विझत आलेली असायची. परातीत सांडलेलं, खरवडलेलं पीठ गोळा करून शेवटची भाकरी व्हायची, जाडसर, निखारे मंद म्हणून एका बाजूनं कच्चीच. ती आईची. कोरड्यास, म्हणजे भाकरीशी खायचं कालवण, उरलं असेल तर ते, नाहीतर चटणी आणि तेल. मी मोठी होऊन स्वतः चुलीपुढे बसेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की आईच्या पानात फुगलेली भाकरी मी कधी पाहिलेलीच नाही.

वहिनींनी असं जमवलं, दादा. तव्यावरून ताटात येणारी गरम भाकरी तेव्हाच शक्य असते, जेव्हा घरातलं एक माणूस जेवायला बसलेलं नसतं. तुमच्या घरी ते माणूस ३६ वर्षं कोण होतं, हे तुम्हाला आता ओट्यापाशी उभं राहिल्यावर दिसलं. तुम्हाला ते दिसावं आणि तुम्ही ते लिहून विचारावं, याचं मला फार मोल वाटलं. आणि वहिनी तुमच्याशिवाय घास का घेत नाहीत? माझ्या मते, सगळ्यांच्या मागून एकट्यानं जेवणं कसं असतं हे त्यांना पुरतं ठाऊक आहे, म्हणून. त्यांचा तो हट्ट मोडू नका. भाकरीची पद्धत बदला.

चार भाकऱ्यांना नवशिक्याला पंचवीस-तीस मिनिटं लागतील. तेवढा वेळ भाकरी चांगली राहते, फक्त ती ठेवायची कशी ते कळायला हवं. आचेवरून काढलेली भाकरी लगेच डब्यात घालू नका किंवा एकीवर एक रचू नका. वाफेनं खालची ओली होते, पापुद्रा चिकटतो. पूर्वी भाकरी चुलीच्या कडेला उभी करून ठेवत, ती काही उगीच नव्हे. तुम्हीही मिनिटभर ती भिंतीला किंवा पातेल्याला टेकवून उभी करा. वाफ निघून गेली की मग टोपल्यात जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कापडात गुंडाळा. धोतराचा किंवा साडीचा तुकडा सगळ्यात चांगला. बंद स्टीलच्या डब्यात ती घामेजते.

ताटं आधी वाढून ठेवा. पिठलं झाकून, वांगं असेल तर वांगं, शेंगांची चटणी, दही, बुक्कीनं फोडलेला कांदा. चौथी भाकरी तव्यावर असेल तेव्हा वहिनींना हाक मारा. ती आचेवर फुगवून खाली उतरवली की तापलेल्या तव्यावर टोपल्यातली पहिली भाकरी दोन्ही बाजूंनी जरा टेकवून घ्या, गॅस बंद करा, टोपलं घेऊन या आणि दोघं एकदम बसा. शेवटची, ताजी फुगलेली भाकरी अर्धी अर्धी करा. तिचा पापुद्रा सोडवून त्यावर लोण्याचा गोळा आणि मिठाचा खडा, तो वहिनींना द्या. पुढे ऊन ऊन भाकरी पाहिजेच असं दोघांनाही वाटत असेल तर जेवणाची दोन आसनं ओट्याजवळच हलवा. मुलगा आला की तोही थापेल आणि तेव्हा तुम्ही बसा. त्याला विकत आणायची सूचना करता येते, तर उंडा मळताही येईल. विकतची भाकरी अधूनमधून आणायला माझी मुळीच हरकत नाही. सोलापूरची कडक भाकरी तर घरात असावीच. पातळ, कडकडीत, कितीतरी दिवस टिकते. तुमचा हात दुखला, कंटाळा आला, त्या दिवशी ती आमटीत चुरा.

तिसरी भाकरी मोडल्यावर वहिनी उठून जातात ते रागानं, असं तुम्ही धरून चालला असाल तर मला तसं वाटत नाही. ज्या हातांनी हजारो भाकऱ्या थापल्या त्यांनी मांडीवर गप्प पडून समोरची भाकरी मोडताना बघायचं, हे सोपं नाही. अशा वेळी त्यांना 'शिकव ना' म्हणून शेजारी बसवून ठेवू नका. एकच मागा. उंडा मळून झाला की परात त्यांच्यापुढे धरा आणि म्हणा, बोट लावून बघ. थापायला दुखतं, पण एक बोट हलकंच टेकवायला दुखू नये. मला माझ्या आत्यानं असंच शिकवलं. ती बोलायची फार कमी. उंड्यावर तर्जनी टेकवायची आणि 'अजून' म्हणायची. दहा-बारा दिवस मी फक्त 'अजून' ऐकलं. मग एक दिवस तिनं बोट टेकवलं आणि काही न बोलता तव्याकडे वळली. त्या दिवशीची भाकरी फुगली होती का ते आठवत नाही. ते तिचं वळणं मात्र आठवतं.

मोडलेल्या भाकऱ्या टाकू नका. सकाळी कांदा-मिरचीची फोडणी देऊन कुस्करा, नाहीतर ताकात भिजवून लसणीच्या तिखटाबरोबर. बाजरीला अजून हात घालू नका, शाळू जमू दे. भोगीच्या वेळी तीळ लावून कराल तेव्हा एवढं लक्षात ठेवा, की बाजरीचं पीठ ज्वारीपेक्षा लवकर कडवट होतं. त्यामुळे लागेल तेवढंच, दोन-चार दिवसांचं दळा.

मिठाचं राहिलं. आमच्याकडे ज्वारीच्या पिठात मीठ घालत नाहीत, चटणी-कोरड्यासात असतं तेवढं पुरतं. पण घराघरात वेगळं असतं. करमाळ्यात त्यांच्या आई काय करायच्या, ते वहिनींनाच विचारा. हा प्रश्न प्रमाणाचा नाही, त्यामुळे 'अंदाजानं' म्हणून त्या टाळणार नाहीत.